मोनारोच्या पठारावरचे रूळ, सिम्युलेटरमध्ये

न्यू साउथ वेल्स राज्याच्या आग्नेय भागात, कॅनबेराच्या दक्षिणेला, मोनारो नावाचे उंच आणि बरेचसे उघडे पठार आहे. गोलबर्नजवळच्या जोपा जंक्शनला मुख्य रेल्वेमार्ग सोडून निघणारी बॉम्बाला शाखा या पठारावरून जात असे. ती एका दमात बांधलेली नाही. रूळ १८८५ मध्ये बंगेंडोरला, १८८७ मध्ये क्वीनबियन आणि मिकेलेगोला, १८८९ मध्ये कूमाला पोहोचले. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ते कूमालाच थांबले आणि मग १९१२ मध्ये निमिटबेल व १९२१ मध्ये बॉम्बाला अशी शेवटची मजल मारली गेली. बंद होताना क्रम उलटा झाला. कूमाच्या पुढचा भाग १९८६ मध्ये आणि क्वीनबियन ते कूमा हा भाग १९८९ मध्ये बंद पडला. यातला क्वीनबियनपासून बॉम्बालापर्यंतचा सुमारे दोनशे किलोमीटरचा पट्टा मी सध्या ट्रेन्झ या संगणकावर रेल्वे चालवण्याच्या सिम्युलेटरमध्ये उभा करत आहे, आणि त्या कामात जे विचार करावे लागले त्यांची ही नोंद आहे.

सिम्युलेटरसाठी मार्ग तयार करणाऱ्यांचा कल साधारणपणे भरण्याकडे असतो. मोकळी जागा दिसली की तिथे घर, झाड, मोटार, निदान एखादा विजेचा खांब तरी ठेवावासा वाटतो. मोठे जंक्शन किंवा बंदराचे यार्ड घेतले तर हा स्वभाव खपून जातो, कारण तिथे मुळातच दाटी असते. ऑस्ट्रेलियातील ग्रामीण शाखेला मात्र तो अजिबात मानवत नाही. इथे दोन स्थानकांच्या मध्ये मैलोन् मैल तारेचे कुंपण, गवत, एखादी मोरी आणि क्वचित एखादे फाटक यांपलीकडे काही नसते, आणि तेच त्या मार्गाचे खरे रूप असते. त्यामुळे माझा बराचसा वेळ काय वगळायचे हे ठरवण्यात जातो.

ट्रेन्झ हे मूळचे ऑस्ट्रेलियातलेच. ब्रिस्बेनच्या ऑरन कंपनीने ते २००१ मध्ये प्रथम बाजारात आणले आणि आता ते एनथ्रीव्ही गेम्सकडे आहे. हौशी निर्मात्यांनी तयार केलेली न्यू साउथ वेल्सची इंजिने, डबे, सिग्नल आणि स्थानकांच्या इमारती त्यात मुबलक मिळतात, त्यामुळे त्या बाजूने फारसे अडत नाही. अडते ते जमिनीपाशी. ट्रेन्झमधली जमीन ७२० मीटर बाजू असलेल्या चौकोनी तुकड्यांची बनते. दोनशे किलोमीटरची सरळ रेषा जरी घेतली तरी एका रांगेत पावणेतीनशेहून अधिक तुकडे लागतात, आणि हा मार्ग सरळ तर मुळीच नाही. दरीतून जाणाऱ्या मार्गाला दोन्ही बाजूंना एकेक तुकडा पुरतो, कारण डोंगर दृष्टी अडवतो. मोनारोवर मात्र क्षितिज फार दूर असते. कूमाच्या पुढे इंजिनच्या खिडकीतून दूरवरच्या टेकड्यांची कड दिसली नाही, तर आपण पठारावर नसून एखाद्या टेबलाच्या कडेने चाललो आहोत असे वाटू लागते. म्हणून उत्तरेकडच्या अरुंद खोऱ्यात मी पट्टा निमुळता ठेवला आणि वाचलेले तुकडे दक्षिणेकडच्या माळावर खर्च केले.

उंचीच्या माहितीचे दोन मुख्य स्रोत आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने केलेल्या मोजणीतून जवळजवळ सगळ्या वस्तीयोग्य जगाची उंची साधारण ३० मीटरच्या जाळीत मिळते. दूरच्या टेकड्यांसाठी ती उत्तम आहे, परंतु रुळांच्या कामासाठी तिचा उपयोग होत नाही, कारण पाच-सहा मीटर रुंदीची खोदाई किंवा तेवढ्याच माथ्याचा भराव त्या जाळीत पूर्णपणे विरघळून जातो. दुसरा स्रोत म्हणजे विमानातून लेसरने केलेली लायडार मोजणी. जिओसायन्स ऑस्ट्रेलियाच्या एल्व्हिस नावाच्या संकेतस्थळावरून ती अनेक भागांसाठी विनामूल्य उतरवून घेता येते आणि तिची जाळी एक ते पाच मीटर इतकी बारीक असते. वर्षानुवर्षे गाडी न गेलेला, गवताने झाकलेला भरावही लायडारच्या छायाचित्रात स्पष्ट दिसतो. कोणत्या ओढ्यावर मोरी होती, कुठे पाणी वळवण्यासाठी चर खणला होता, स्थानकाची दुसरी लूप लाइन (गाड्या बाजूला घेण्याचा रूळ) कुठवर जात होती, हे सगळे जमिनीने अजून जपून ठेवले आहे. इतक्या बारीक माहितीचा एक तोटा असा की ती आजची जमीन दाखवते. पावसाने ढासळलेली खोदाई आणि वाहून गेलेला भरावही ती प्रामाणिकपणे नोंदवते. चालू मार्ग दाखवायचा असेल तर ती पडझड हाताने भरून काढावी लागते, आणि मूळचा उतार किती असावा याचा अंदाज शेजारच्या शाबूत भागावरून बांधावा लागतो.

या अंदाजाला आधार देणारे जुने साधन म्हणजे न्यू साउथ वेल्स रेल्वेचे वळणे आणि चढ-उतारांचे आलेख. त्यांत प्रत्येक मैलाचा चढ आणि प्रत्येक वळणाची त्रिज्या दिलेली असते. अंतर सिडनीपासून मैलांत आणि वळणाची त्रिज्या चेनमध्ये मोजलेली असते. एक चेन म्हणजे २२ यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधले अंतर, मीटरमध्ये २०.१२. बारा चेनचे वळण म्हणजे सुमारे २४१ मीटर त्रिज्या. चढ ‘चाळीसास एक’ असा लिहितात आणि सिम्युलेटर टक्केवारी मागतो, म्हणजे अडीच टक्के. हे रूपांतर सोपे आहे. पण आलेखातली वळणे लायडारच्या भरावावर बसवायला लागले की दोन्ही साधने एकमेकांची परीक्षा घेऊ लागतात, आणि जिथे ती जुळतात तिथे मिळणारे समाधान मोठे असते.

क्वीनबियनच्या दक्षिणेला तर एक तिसरा साक्षीदारही भेटतो, आणि तो मला या सगळ्या मार्गावरचा सर्वांत रंजक भाग वाटतो. १९११ च्या आरंभी ऑस्ट्रेलियाच्या राजधानीसाठी वेगळा प्रदेश अस्तित्वात आला, तेव्हा कूमाचा रेल्वेमार्ग आधीच तिथून जात होता. तो न्यू साउथ वेल्सच्या ताब्यात राहावा म्हणून राजधानी प्रदेशाची पूर्वेकडची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत रेल्वेच्या जमिनीच्या कडेनेच आखण्यात आली. परिणामी आज नकाशावर ती हद्द पाहिली, तर टगरनाँगच्या आसपास ती विनाकारण डावी-उजवीकडे वळत जाताना दिसते. ती वळणे हद्दीची नाहीतच. एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांनी चढ टाळण्यासाठी घेतलेली वळणे सर्वेक्षकांनी १९१० ते १९१५ च्या दरम्यान सीमेत उतरवून घेतली. मार्ग बांधणाऱ्या हौशी माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की इथल्या रुळांची जागा एका कायदेशीर सीमेने पक्की करून ठेवली आहे. याहून खात्रीची खूण मिळणे कठीण.

चढ टाळण्याचा हा विषय जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण मार्गाचा सगळा आकार त्यातूनच आला आहे. क्वीनबियन समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे, कूमा ८०० मीटरच्या आसपास, निमिटबेल सुमारे १,०७० मीटरवर, आणि तिथून बॉम्बालापर्यंत जमीन पुन्हा सुमारे ७०० मीटरपर्यंत उतरते. या चढउतारांवर बोगदे आणि उंच पूल बांधून सरळ मार्ग काढता आला असता. पण लोकर, मेंढ्या आणि थोडेफार लाकूड यांच्या उत्पन्नावर तो खर्च कधीच निघाला नसता. म्हणून रूळ टेकडीच्या पोटाला चिकटून, एकाच उंचीच्या रेषेवरून वळत-वळत जातात आणि जिथे इलाजच उरत नाही तिथे चाळीसास एक असा कडक चढ घेतात. तीनशे टन वजनाची गाडी अशा चढावर ताशी २० किलोमीटर वेगाने न्यायची, तर केवळ वजन वर उचलण्यासाठी रुळावर साधारण साडेपाचशे अश्वशक्ती खर्च होते. चाकांचा, वळणांचा आणि वाऱ्याचा विरोध त्यात अजून धरलेलाच नाही. बांधताना वाचवलेला पैसा पुढे प्रत्येक गाडीने कोळशाच्या रूपाने थोडा थोडा फेडला, असे म्हणायला हरकत नाही. सिम्युलेटरमध्ये चढ अर्ध्या टक्क्याने जरी मवाळ केला तरी हा हिशेब नाहीसा होतो. कोणतेही इंजिन कोणताही भार ओढू लागते आणि मार्गाला मार्ग म्हणून काही अर्थ उरत नाही. दिसण्यात तडजोड करायला माझी हरकत नसते, चढाच्या आकड्यात मात्र मी ती करत नाही.

कूमाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग एकाच शाखेचे असले तरी त्यांच्यात एका पिढीचे अंतर आहे, आणि ते दिसले पाहिजे असा माझा आग्रह आहे. १८९० च्या दशकात न्यू साउथ वेल्सचे मुख्य अभियंता हेन्री डीन यांनी तुरळक वस्तीच्या प्रदेशांसाठी स्वस्त रेल्वेची कल्पना पुढे आणली होती. हलके रूळ, खडीऐवजी शक्य तिथे माती, कमीत कमी कुंपण आणि अगदी साध्या इमारती असे तिचे स्वरूप होते. विसाव्या शतकात ग्रामीण भागात जे मार्ग झाले त्यांच्यावर या काटकसरीची छाप राहिली. म्हणून कूमाच्या उत्तरेला मी खडीचा थर जाड आणि कडा रेखीव ठेवल्या आहेत, तर दक्षिणेला रूळ हलके, खडी विरळ आणि स्लीपरांमधून गवत डोकावणारे असे केले आहे. कूमाला १८८९ ची भक्कम विटांची इमारत आहे. पुढच्या छोट्या थांब्यांना मी लाकडी शेड, मातीचा आखूड फलाट, एक सायडिंग (डबे उभे करण्याचा बाजूचा रूळ) आणि मेंढ्या चढवण्याचा उतरता धक्का एवढेच दिले आहे. रॉक फ्लॅट, जिंकमबिली, ब्यूकलाँग अशी नावे असलेल्या फलकांभोवती गाव शोधू नये.

कोणते वर्ष दाखवायचे हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा लागतो. नाहीतर एकाच यार्डात तीन काळांची सरमिसळ होते. मी १९५७ चा हिवाळा निवडला. १९४९ मध्ये सुरू झालेली स्नोई पर्वतातील जलविद्युत योजना तेव्हा ऐन जोरात होती आणि तिचे मुख्यालय कूमालाच होते. तीसहून अधिक देशांतून आलेल्या कामगारांच्या श्रमातून १९७४ पर्यंत सोळा मोठी धरणे आणि सात वीजकेंद्रे उभी राहिली. मेंढ्या आणि लोकर यांच्यावर जगणाऱ्या एका शाखेच्या मधल्याच स्थानकात एवढी वर्दळ येणे ही मोठी विलक्षण गोष्ट होती, आणि एरवी सुस्त असलेल्या मार्गावर मालगाडीला काही काम मिळवून देण्याची सोयही त्यामुळे होते. शिवाय सिडनीहून रात्री निघणारी कूमा मेल तेव्हा चालू होती, आणि १९५५ पासून कॅनबेरा-मोनारो एक्स्प्रेस ही डिझेल रेलकारही धावू लागली होती. छोट्या ४८ क्लास डिझेल इंजिनांची पहिली तुकडी १९५९ मध्ये आली. त्यांनी पुढे राज्यातल्या शाखामार्गांचा चेहरामोहराच बदलला, पण माझ्या वर्षात त्यांना जागा नाही. मेलसाठी मी ३२ क्लासची वाफेची इंजिने ठेवली आहेत, जी राज्यभर १९१ होती. कूमाच्या पुढे हलक्या रुळांना साजेशी ३० टी क्लासची इंजिने घेतली आहेत. मुळात सिडनीच्या उपनगरी गाड्यांसाठी बांधलेल्या टाकीच्या (कोळसा-पाणी स्वतःवरच वाहणाऱ्या) इंजिनांना १९२८ पासून मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, जोडून ती तयार करण्यात आली होती. जोडीला सीपीएच रेलमोटर, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेला प्रवासी डबा, आहेच. १९२३ ते १९३० या काळात अशा सदतीस रेलमोटरी बांधल्या गेल्या आणि कमी प्रवाशांच्या मार्गांवर त्यांनी दीर्घकाळ सेवा दिली.

वर्ष ठरले की झाडेही ठरतात, हे मला आधी सुचले नसते तर दृश्य पार फसले असते. मोनारोचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. कूमाला वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. काळ्या बेसाल्टच्या जड मातीचे माळ तर माणसाने झाडे तोडण्याच्या आधीपासूनच वृक्षहीन होते. झाडे टेकड्यांवर, ग्रॅनाइटच्या गोल शिळांच्या आडोशाला किंवा ओढ्याकाठी आढळतात. त्यांत रिबन गम हा निलगिरीचा प्रकार पूर्वी विपुल होता. अलीकडच्या दशकांत कूमा आणि बेरिडेलच्या परिसरात जवळपास २,००० चौरस किलोमीटर क्षेत्रातील रिबन गम वाळून गेले आहेत आणि त्यांचे पांढरे सांगाडे आजच्या कोणत्याही छायाचित्रात ठळक दिसतात. आजचे उपग्रहचित्र समोर ठेवून झाडे लावली, तर १९५७ च्या हिवाळ्यात ही मृत झाडे उभी करण्याचा प्रमाद घडतो. त्याऐवजी राज्य शासनाने खुली केलेली जुनी हवाई छायाचित्रे पाहून, त्यांत जिथे गडद ठिपके दिसतात तिथेच मी जिवंत झाडे लावली. शेतघराभोवती वारा अडवण्यासाठी लावलेल्या पाइनच्या रांगा आणि ओढ्याकाठचे पॉप्लर व विलो ही मात्र बाहेरून आलेली झाडे आहेत. हिवाळ्यात पॉप्लर आणि विलो निष्पर्ण असतात, निलगिरी मात्र हिरवीच राहते. गवताचा रंग हिरवा नसून फिकट पेंढ्यासारखा, सावलीत किंचित करडा असतो. सिम्युलेटरमधल्या जमिनीच्या तयार पोतांमध्ये हा रंग सापडत नाही. हिरवेपणा कमी करत-करत तो मिळवावा लागतो.

सूर्याबद्दल एक सूचना या विषयातल्या नवख्यांना जरूर द्यावीशी वाटते. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मार्गाच्या माहितीत अक्षांश भरायचा राहिला, तर सगळ्या सावल्या चुकीच्या बाजूला पडतात आणि ऑस्ट्रेलिया पाहिलेल्या माणसाला कारण न कळताही दृश्य परके वाटते. कूमाच्या अक्षांशावर, म्हणजे ३६ अंश दक्षिणेच्या थोडे पलीकडे, जूनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंशच वर येतो, त्यामुळे खांबाची सावली खांबाच्या पावणेदोनपट लांब पडते. मार्ग साधारण उत्तर-दक्षिण असल्याने सिडनीकडे परतणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर दुपारभर ऊन येते. खोदाईच्या दक्षिणाभिमुख उतारावर दहिवर उशिरापर्यंत टिकून राहते आणि समोरचा उतार कोरडा असतो. ही एवढीशी असमानता दाखवली की थंडी आपोआप जाणवू लागते; बर्फाचा पांढरा थर मी निमिटबेलजवळच्या माथ्यापुरताच ठेवला आहे.

राहिला प्रश्न गाडी चालवण्याचा. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून न्यू साउथ वेल्समध्ये ‘स्टाफ’ची पद्धत होती. प्रत्येक टप्प्याचा एक धातूचा दंडा असतो, आणि तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने त्या टप्प्यात शिरायचे नसते. जिथे विजेवर चालणारी यंत्रे बसवलेली असत तिथे दोन्ही टोकांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच दंडा बाहेर निघे. विरळ गाड्यांच्या शाखांवर एकच दंडा आणि त्याच्या जोडीला कागदी तिकिटे यांवर भागवले जाई. ट्रेन्झमध्ये ही पद्धत आयती नाही, त्यामुळे ती स्क्रिप्ट लिहून बसवावी लागते. माझ्या मांडणीत स्थानकावर थांबून दंडा बदलल्याशिवाय पुढचा सेमाफोर हात, म्हणजे सिग्नलच्या खांबावरची हलती पट्टी, खाली पडत नाही. इथले जुने हात गाडी सोडताना खाली झुकतात, वर उठत नाहीत. वर उठणारे हात लावले की तो मार्ग लगेच दुसऱ्या कोणत्या तरी रेल्वेचा वाटू लागतो.

काही जण स्थानकांमधले अंतर निम्म्यावर आणून मार्ग ‘खेळण्याजोगा’ करतात. त्यांची अडचण मला समजते, पण मोनारोच्या बाबतीत मला ते पटत नाही. मिकेलेगो ते ब्रेडबो हा टप्पा अर्धा केला की चढ दुप्पट होतो, किंवा मग टेकडी निम्मी करावी लागते, आणि दोन्हींपैकी काहीही केले तरी वर मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय मुरुंबिजी नदीचे खोरे सोडून मार्ग हळूहळू उघड्यावर येतो, तो बदल घडायला वेळच लागतो. त्या वेळात ड्रायव्हरला पाण्याची पातळी, वाफेचा दाब आणि पुढच्या चढाची तयारी यांकडे लक्ष द्यायचे असते, तेव्हा काम नाही अशी तक्रार करायलाही फारसा वाव नाही. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी मी तीन छोटे प्रसंग वेगळे ठेवले आहेत: क्वीनबियनहून टगरनाँगचा चढ, कूमा यार्डातले शंटिंग (डब्यांची जोडणी-हलवाहलव), आणि मेंढ्यांचे डबे घेऊन बॉम्बालाहून निमिटबेलपर्यंतची चढण.

सध्या क्वीनबियन ते कूमा हा भाग चालवण्याजोगा झाला आहे. चकोलाजवळचा न्यूमेराला नदीवरचा पूल आणि ब्रेडबोचा पूल यांची प्रतिरूपे मी स्वतः तयार करत आहे, कारण तयार लाकडी पुलांचे गाळे खऱ्या पुलांच्या गाळ्यांशी जुळत नाहीत आणि पुलाच्या बाबतीत गाळ्यांची संख्या बदलली की तो पूल तोच राहत नाही. ते पूर्ण झाले की उत्तरेकडचा भाग आधी उतरवून घेण्यासाठी ठेवीन. कूमाच्या पुढचे रूळ बॉम्बालापर्यंत बसले आहेत, पण कुंपणे अजून घालायची आहेत, आणि त्या माळावर कुंपणांखेरीज दुसरे काही फारसे घालायचेही नाही.